जरासं ढिलं, जरासं टाइट

रात्रीचे साडेअकरा. सकाळी दहाला प्रेझेंटेशन. आणि मी टेबल लॅम्पखाली एक डोळा मिटून चाकूकडे बघत बसलेलो! घाबरू नका, बॉसचा खून वगैरे करायचा प्लॅन नव्हता. माझ्या घडीच्या चाकूचं पातं बंद केल्यावर मुठीच्या बरोब्बर मध्ये बसत नव्हतं, एवढंच. केसभर डावीकडे झुकलेलं.

हा चाकू मामेभावाने अमेरिकेतून आणलेला, अर्थात चेक-इन बॅगेतून. विमानाच्या केबिनमध्ये चाकू चालत नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. ट्रेकला कांदा चिरायला, कुरियरचे बॉक्स फोडायला आणि खरं सांगायचं तर उगाच उघडझाप करायला एकदम झकास. पण पातं मध्यभागी नाही हे एकदा दिसलं की दिसतच राहतं. भिंतीवरची वाकडी फ्रेम कशी छळते, तसं.

मग मी तेच केलं, जे आपल्यापैकी कुणीही केलं असतं. स्क्रू आवळला.

पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू म्हणजे पिव्होट. तो पिळला आणि काय सांगू, पातं मध्यभागी! फक्त आता ते उघडायला दोन्ही हात लागत होते. म्हणून ढिला केला, तर पातं डगडगायला लागलं. पुन्हा टाइट, पुन्हा ढिला. त्यात लॅपटॉपच्या किटमधला एक नंबर लहान बिट वापरला आणि स्क्रूच्या चांदणीचे कोपरे घासले. शेवटी वैतागून तसाच खिशात टाकला. रविवारी राजगडावर काकडी कापताना पातं बाजूला कललं, हात सटकला आणि बोटाला दोन टाके!

शहाणपण कुठे मिळालं माहितीये? सोसायटीच्या गेटवर, कात्र्यांना धार लावणाऱ्या काकांकडे. चाकू बघून ते हसले. मग एक कात्री घेतली, एक मूठ धरली आणि दुसरी वर नेऊन सोडून दिली. ती सावकाश घसरत अर्ध्यात थांबली. “धपकन पडली तर ढिली, हललीच नाही तर टाइट. पाती एकमेकांना टेकली पाहिजेत साहेब, भांडली नाही पाहिजेत.”

चाकूचंही तेच. पात्याच्या दोन्ही बाजूंना वॉशर असतात, बऱ्याचदा फॉस्फर ब्राँझचे, तर काही चाकूंत बारीक बेअरिंग. पिव्होट त्यांना दाबून धरतो. दाब कमी पडला तर पातं डुलतं, जास्त झाला तर अडतं.

मग पातं झुकतं कशामुळे? माझा चाकू लायनर लॉकचा. म्हणजे मुठीतली एक स्प्रिंगसारखी पट्टी सरकून उघडलेल्या पात्यामागे अडते. मायकल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिला आजचं रूप दिलं. चाकू बंद असताना हीच पट्टी एका बारीक गोळीने पात्याला एका बाजूने दाबून ठेवते, म्हणजे ते खिशात आपोआप उघडत नाही. थोडक्यात, थोडा कल डिझाइनमध्येच आहे बॉस! शिवाय मुठीचे स्क्रू कमीजास्त आवळलेले असले तरी पातं कलतं.

तुमच्याकडे असा चाकू असेल, तर माझ्या दोन टाक्यांच्या बदल्यात मिळालेला हा मंत्र घ्या.

आधी तपासा. पात्याच्या धारेवर टेप लावा, चाकू उघडा आणि पातं हलवून बघा. डावी-उजवीकडे डुललं तर पिव्होटचं काम. वर-खाली हललं तर दोष लॉकचा आहे. पिव्होट पिळून तो जाणार नाही, असा चाकू वापरू नका.

नेमका बिट घ्या. पिव्होटला बहुधा टॉर्क्स टी-८ लागतो, मुठीच्या छोट्या स्क्रूंना टी-६. बिट घट्ट बसला तरच फिरवा.

एका वेळी फेरीचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. दर वेळी उघडझाप करून बघा. तरीही पातं कललेलं असेल, तर मुठीचे स्क्रू किंचित सैल करा, चाकू बंद करून पातं मध्यभागी धरा आणि एक इकडचा, एक तिकडचा असे आळीपाळीने आवळा.

स्क्रू आपोआप सुटत असेल, तर आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावून एक दिवस ठेवा. वॉशरला लागू देऊ नका. आणि लाल थ्रेडलॉकर अजिबात नको, तो सोडवायला स्क्रू तापवावा लागतो.

हे सगळं स्क्रूवाल्या चाकूंचं. स्विस आर्मी नाइफ किंवा १८९०पासून बनणारा फ्रान्सचा ओपिनेल, यांच्यात रिव्हेट असते. तिथे फिरवायला स्क्रूच नाही. तरीही माणसं पिढ्यान् पिढ्या त्याने चीज कापतायत.

माझ्या चाकूचं म्हणाल, तर योग्य बिटने स्क्रू नशिबाने पकडला. आता पातं अंगठ्याने सुळकन उघडतं, उघडल्यावर जराही डुलत नाही आणि बंद करताना मुठीला घासत नाही. मध्यभागी बसतं का? नाही. अजूनही केसभर डावीकडेच. गेल्या रविवारी पुन्हा राजगडावर काकडी कापली. बोटं दहाच्या दहा शाबूत. डावीकडे तर डावीकडे!