हुलग्याचा लेप आणि हिरवी माशी

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पावसाळ्यात जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या की सीताफळाचा पाला ठेचून भरायचा, नाहीतर टर्पेंटाइनचा बोळा घालायचा. हे योग्यच आहे, कारण गुरांच्या जखमांत सापडणारी क्रायसोमाया बेझियाना या माशीची अळी जिवंत मांस पोखरत आत शिरते. जखम साफ करायला वापरली जाणारी, औषधी म्हणून नावाजलेली अळी मात्र लुसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीची आहे आणि तिचा भर मेलेल्या मांसावर असतो. म्हणून अळीच्या गुणांची चर्चा सुरू होताच ‘कोणती माशी?’ हे आधी विचारायला हवं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातही अळीला दोन जागा आहेत. पहिल्या अध्यायात माश्यांनी व्रणात टाकलेले कृमी हा निव्वळ उपद्रव आहे, तो धुऊन काढायचा. अठराव्या अध्यायात मात्र अर्बुदावर, म्हणजे गाठीवर, पावटा, पेंड आणि हुलगा वाटून, त्यात मांस आणि दह्याची निवळ घालून लेप द्यायला सांगितलं आहे, तो माश्या याव्यात आणि कृमी पडावेत म्हणूनच! कृमींनी खाऊन थोडंसं उरलं की ते खरवडायचं आणि अग्नीने डागायचं. ‘अळीचा उपचार आपल्याकडे आधीच होता’ म्हणणारे हा डाग विसरतात. सुश्रुताने अळीकडून फक्त सफाई करून घेतली, शेवटचं काम शस्त्र आणि अग्नीकडेच ठेवलं.

१९१७ साली विल्यम बेअर या अमेरिकी शल्यविशारदाने सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. जखमा अळ्यांनी बुजबुजलेल्या, पण अंगात ताप नाही आणि खाली गुलाबी, निरोगी मांस. पुढे बेअर यांनी हाडांच्या संसर्गावर अळ्या वापरल्या. काही रुग्णांना धनुर्वात झाल्यावर त्या निर्जंतुक करून वाढवल्या. मग पेनिसिलिन आलं, १९५४ साली आपल्या पिंपरीत त्याचा कारखाना उभा राहिला, आणि अळी मागे पडली. आता प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाल्यावर ती पुन्हा आठवली आहे. २०१० साली प्राग इथल्या संशोधकांनी तिच्यातून ४० अमिनो आम्लांचं लुसिफेन्सिन वेगळं केलं. पण ते मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह या एकाच गटातल्या जंतूंवर चालतं, आणि असं प्रथिन गिळलं तर पोटातच पचून जाईल. त्याला आजच प्रतिजैविकाचा पर्याय म्हणणं ही घाई आहे.

अळीचं खरं बळ सफाईत आहे. मेलेल्या मांसात रक्त पोहोचत नाही, म्हणून गिळलेलं प्रतिजैविकही तिथे पोहोचत नाही. अळी ते मांस पाचकरसाने विरघळवून शोषते आणि जंतूंचा आसराच काढून घेते. यावर २००९ सालच्या ब्रिटिश चाचणीचा आक्षेप रास्त आहे. पायांच्या व्रणाच्या २६७ रुग्णांत अळ्यांनी जखम लवकर स्वच्छ झाली, पण ती लवकर भरली नाही, जंतूही कमी झाले नाहीत, शिवाय वेदना वाढल्या. मात्र ते व्रण बिघडलेल्या शिरांमुळे झालेले होते, आणि सफाईने शीर सुधारत नाही. मधुमेहाने बधिर झालेल्या, भातखाचरात चिरलेल्या पायाची गोष्ट वेगळी. तिथे कुजलेलं मांस वेळेत निघण्यावर बरंच अवलंबून असतं. तिथे अळीची चाचणी व्हायला हवी, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. निर्जंतुक अळ्या जेमतेम एक-दोन दिवस टिकतात. वेल्ह्याच्या रुग्णाला त्या मिळायच्या तर त्या वाढवणारी प्रयोगशाळा पुण्यातच हवी.