बॅटरीवरील उपकरणे व रेग्युलेटरची निवड

आपल्या सभासदांच्या घरी मुले हौसेने बॅटरीवरील उपकरणे जुळवितात. उपकरण चार दिवसांत बंद पडले की दोष बॅटरीस दिला जातो, आणि पुष्कळदा मुलाचा छंदही तेथेच संपतो. आमच्या मते आधी रेग्युलेटरकडे पाहावे. सर्वत्र मिळणारा ७८०५ कणखर खरा. पण काही काम नसतानाही तो स्वतःसाठी सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत साठा साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांचा. म्हणजे नुसत्या राखणदारीतच ती १०० तासांत रिकामी! शिवाय ९ चे ५ व्होल्ट करताना शेकडा ४४ शक्ती उष्णतेत जाते. बॅटरी ७ व्होल्टच्या खाली उतरली की ५ व्होल्टही नीट मिळत नाहीत.

एमसीपी १७०२ हा रेग्युलेटर स्वतःसाठी अवघे २ मायक्रोअँपिअर घेतो. तासातून एकदा तापमान नोंदून पुन्हा झोपी जाणाऱ्या उपकरणास तोच योग्य. मात्र १३.२ व्होल्टपलीकडे तो टिकत नाही, म्हणून मोटारीच्या बॅटरीस जोडू नये. प्रवाह बराच लागणार असेल, तर स्विचिंग पद्धतीचा घ्यावा. त्यात नासाडी कमी. आणि उपकरणातील सर्व भाग १.८ ते ३.६ व्होल्टवर चालणारे असतील, तर दोन पेन्सिल सेल थेट जोडावेत. रेग्युलेटर विकत घेऊच नये.