खत कोणी वाचलें?

१८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारीं उसळलेला दंगा लवकरच आमच्या श्रीगोंदें तालुक्यांतही पोंचला. अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव उतरला होता, सारा मात्र अनेक ठिकाणीं वाढला होता. कर्जावांचून कुणब्यास गति नव्हती. तरीही जमावानें मागितलीं व जाळलीं तीं मुख्यत्वें सावकारांचीं खतें. माणसांस इजा क्वचितच झाली. जें वाचतां येत नव्हतें, त्यावरच कुणब्याची नांगराची निशाणी होती! १८७९ च्या कायद्यानें रयतेचें खत निबंधकासमोर करण्याचें बंधन घातलें, तें याचसाठीं. द्रव्याची विषमता अक्षराच्या विषमतेवर पोसते. तीं खतें लिहिणारी लेखणी पुष्कळदां आपल्यासारख्याच घरची होती. म्हणून आजही, आपल्याकडे राबणाऱ्याची सही घेण्यापूर्वीं कागद त्यास वाचून दाखवावा. एवढें ऋण तरी आपण फेडावें.