विकणे आहे : वाहनाशेजारच्या फलकाची रचना

खरसुंडी, म्हसवड, पुसेगाव अशा यात्रांतून खिलार जनावरांचे जे बाजार पिढ्यानुपिढ्या भरत आले, त्यांत घेणारा आणि देणारा, किंवा त्यांच्या वतीने दलाल, रुमालाआड एकमेकांची बोटे चाचपून किमतीचा सौदा मुकाट्याने ठरवीत असत, आणि कोणत्या बैलजोडीचे किती रुपये आले हे शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये हाच त्या पद्धतीचा मूळ हेतू असे. जाणत्या माणसाला ही पद्धत सोयीची होती, कारण त्याला जनावराची पारख होती आणि चालू भावाचा अदमासही होता. परंतु पहिल्यांदाच बाजारात उतरलेल्या, पदरी मोजके पैसे असलेल्या शेतकऱ्याला त्या रुमालाआडून नक्की काय चालले आहे हे समजण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

आज बैलाची जागा मोटारीने आणि ट्रॅक्टरने घेतली. साताऱ्याला वळसा घालून जाणाऱ्या महामार्गाच्या सेवारस्त्यावर आणि सांगली-मिरज रस्त्यावर वापरलेल्या वाहनांच्या विक्रीची आवारे उभी राहिली, गाड्या धुऊनपुसून रांगेत लागल्या. परंतु काचेच्या आत ठेवलेल्या पुठ्ठ्यावर ‘विकणे आहे’ हे दोन शब्द आणि खाली एक मोबाईल क्रमांक, एवढ्यावरच जिथे मजकूर संपतो तिथे रुमाल अद्याप जागच्या जागीच आहे असे म्हणावे लागते. वाहनाच्या शेजारी स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, काचेला न चिकटवलेला, एका वाहनापुरता आणि त्या वाहनाची संपूर्ण हकीकत सांगणारा फलक ही म्हणूनच मला केवळ सजावटीची बाब वाटत नाही. तो आधी दस्तऐवज आहे आणि मग जाहिरात, आणि त्याच्या रचनेचे सर्व प्रश्न या एका क्रमातून सुटत जातात.

या प्रांतात वाहनविक्री आणि चित्रकला यांचा संबंध जुना आहे. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ, किर्लोस्करवाडी वसवली, ते मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेले विद्यार्थी; आणि त्यांचा पहिला व्यापार होता तो सायकलींचा. मुंबईहून धाडलेल्या सायकली बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा विकत आणि गिऱ्हाईकाला त्या चालवायलाही शिकवीत. पुढे लोखंडी नांगर निघाला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला वस्तू दाखवणे, समजावणे आणि तिच्याविषयी खरे तेच लिहिणे ही कामे कारखान्यातील ओतकामाइतकीच महत्त्वाची ठरली, आणि 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक याच गरजेतून निघून पुढे महाराष्ट्राचे एक अग्रगण्य मासिक झाले.

लक्ष्मणरावांना चित्रकला सोडावी लागली ती रंगांधत्वामुळे. काही रंगच्छटांतील भेद त्यांना दिसत नसे, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. फलकाची रंगयोजना करणाऱ्याने ही गोष्ट नित्य ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तांबडा आणि हिरवा यांत घोटाळा होणारे पुरुष प्रत्येक गावात असतात, आणि हिरव्या पार्श्वभूमीवर तांबड्या अक्षरांत लिहिलेली किंमत त्यांच्यापुरती लिहिलेलीच नसते. सबब, फलकावरील भेद रंगाचा नसून उजेड-अंधाराचा असावा: पांढऱ्यावर काळा, पिवळ्यावर काळा, गडद निळ्यावर पांढरा. आणखी एक व्यावहारिक कारण असे की, फ्लेक्सवर किंवा व्हिनायलवर छापलेला तांबडा आणि पिवळा रंग उन्हात आधी उडतो आणि निळा-काळा मागे राहतो. दोन उन्हाळे खाल्लेला कोणताही फलक निळसर दिसतो तो यामुळेच. आपल्याकडे किंमत तांबड्यात लिहिण्याचा प्रघात असल्याने, ज्या एका आकड्यासाठी गिऱ्हाईक थांबते तोच आकडा सर्वांत आधी फिका पडतो. चकचकीत लॅमिनेशनही टाळावे, कारण दुपार कलल्यावर पश्चिमेचे ऊन त्यावरून थेट डोळ्यांत येते. मंद पृष्ठाचा सनबोर्ड किंवा ॲल्युमिनियमचा संयुक्त पत्रा या कामी अधिक चांगला.

अक्षराच्या आकाराविषयी फलककारांत एक जुना ठोकताळा आहे: अक्षर एक इंच उंच असेल तर ते दहा फुटांवरून निवांत वाचता येते आणि तीस फुटांवरून जेमतेम. मात्र हा हिशेब रोमन लिपीच्या मोठ्या अक्षरांवर बेतलेला असल्यामुळे मराठीत तो जसाच्या तसा लावून चालत नाही. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. पायाशी उकार आणि कधी जोडाक्षराचा लोंबता भाग. ओळीची सगळी उंची मोजून जो तीन इंच अक्षर समजतो त्याच्या वाट्याला शिरोरेषेखालचे प्रत्यक्ष अक्षर दीड-दोन इंचांचेच येते. म्हणून माप घ्यावे ते शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, आणि दोन ओळींमधले अंतर इंग्रजी फलकापेक्षा सढळ ठेवावे. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकून दोन्ही शब्द बिघडतात. आकड्यांत 1 आणि 9 यांच्या मराठी रूपांकडे, म्हणजे १ आणि ९ यांकडे, विशेष लक्ष हवे, कारण जाड, दाटीच्या टंकात दुरून ती एकमेकांसारखी भासतात, आणि किमतीत एक आणि नऊ यांचा घोटाळा कोणालाच परवडणारा नाही.

कोणत्या अंतरावरच्या वाचकासाठी लिहायचे हे मात्र आधी ठरवावे लागते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारा मोटारचालक तीन सेकंदांत 50 मीटर पुढे गेलेला असतो. त्याला प्रत्येक गाडीची किंमत वाचायला लावणे निरर्थक तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. त्याच्यासाठी आवाराचे नाव पुरे. वाहनाशेजारचा फलक हा पायी चालणाऱ्याचा आहे: आवाराच्या तोंडाशी, तीस फुटांवर, त्याला गाडीचे नाव आणि किंमत दिसावी, आणि पाच-सहा फुटांवर येऊन उभा राहिला की उरलेला तपशील वाचता यावा. दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढ्या फलकात तीन इंची अक्षरांचे नाव, तितकीच उंच किंमत आणि पाऊण इंची अक्षरांच्या आठ-दहा ओळी सुखाने मावतात. छायाचित्राची गरज मला कधीच पटली नाही. गाडी शेजारी उभी असताना तिचे चित्र कशाला?

खरा कस लागतो तो मजकुरात. नाव, निर्मितीचे वर्ष, नोंदणीचा महिना, इंधन आणि किलोमीटर एवढे बहुतेक जण लिहितात, आणि त्यात ‘एमएच 10’ की ‘एमएच 11’, म्हणजे सांगलीचे पासिंग की साताऱ्याचे, हेही येते. कराडची गाडी असेल तर ‘एमएच 50’. परंतु गिऱ्हाईकाची फसगत होते ती न लिहिलेल्या ओळींत. गाडी आजवर किती मालकांच्या नावावर होती? नोंदणीच्या पुस्तकावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे काय, आणि कर्ज फिटले असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आला आहे काय? सातबाऱ्यावरचा बोजा पाहिल्याखेरीज गुंठाभर जमीन न घेणारा आपला शेतकरी गाडी घेताना मात्र हा प्रश्न विचारायला विसरतो, आणि मग नावबदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरूनही परिवहन कार्यालयातून कागद परत येतात. खाजगी मोटारीच्या नोंदणीची पहिली मुदत 15 वर्षांची असते, तेव्हा ती कोणत्या महिन्यात संपते हेही लिहावे. विम्याची अखेरची तारीख लिहावी. अपघात झाला असेल तर कोणता भाग बदलला तेही.

आणि सांगलीत एक ओळ अशी हवी जी कदाचित इतरत्र सुचणार नाही: गाडी पुरात होती काय? ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या पुढे गेले, जुलै 2021 मध्ये शहरात पुन्हा पाणी शिरले, आणि दोन्ही वेळी तळघरांत, अंगणांत, गल्ल्यांत उभी असलेली वाहने पाण्याखाली गेली. अशा गाडीचे इंजिन उघडून दुरुस्त करता येते, परंतु तारांच्या जोडांत आणि संगणकी भागांत शिरलेली ओल पुढे कितीतरी महिन्यांनी उपद्रव देऊ लागते. आणि विमा कंपनीने संपूर्ण नुकसान म्हणून निकाली काढलेली गाडी लिलावातून जाऊन, डागडुजी होऊन, दूरच्या बाजारात पुन्हा उभी राहू शकते. जाणता माणूस सीटचा पट्टा पूर्ण ओढून त्याच्या आतल्या टोकाशी गाळाची रेघ आहे काय ते पाहतो, आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज पाहतो. ही तपासणी त्याने करावीच. परंतु फलकावर ‘पुरात होती, अमुक काम केले’ असे लिहून त्याप्रमाणे किंमत कमी लावणारा व्यापारी माझ्या मते बाजारातला सर्वांत मोठ्या इभ्रतीचा माणूस होय, आणि असे लिहायची सोय फलकाच्या रचनेतच असली तर लिहिण्याचे धैर्य येणे अधिक सोपे जाते.

ट्रॅक्टरचा फलक वेगळा करावा लागतो. तेथे किलोमीटर निरुपयोगी. तेथे अश्वशक्ती आणि मीटरवरचे तास लिहावे लागतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रॅक्टर नांगरटीला होता की दोन ट्रॉल्या लावून कारखान्यावर ऊस ओढत होता, हे. तास तेवढेच असले तरी या दोन आयुष्यांत क्लच, गिअर आणि मागचे टायर यांची झीज निराळी होते. हायड्रॉलिक किती वजन उचलते, टायर किती उरले, हेही त्याच फलकावर यावे.

आता उभे राहण्याचा प्रश्न. चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तो वारा आपल्या फलकालाही सोडत नाही, आणि चैत्र-वैशाखातल्या वळवाआधी येणारी वावटळ तर क्षणात स्टँडी उडवून शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर आपटते. हिशेब अवघड नाही. दोन फूट बाय तीन फूट फलकावर ताशी 36 किलोमीटरचा वारा समोरून आला तर सुमारे चार किलोंचा दाब येतो. फलकाचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर आणि पायाची पुढची-मागची लांबी दोन फूट, म्हणजे मध्यापासून एक फूट धरली, तर तो उलटू नये म्हणून बुडाशी सोळा किलो वजन लागते. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्याला 64 किलो! एवढे वजन रोज हलवणे कोणाच्या हातचे नाही. त्यामुळे एक इंची चौरस पाईपचा सांगाडा, रुंद बूड, त्यावर वीस-पंचवीस किलो वाळूची पोती, आणि आभाळ काळवंडले की आडवा करता यावा म्हणून पायाशी बिजागरी, ही रचना मला सर्वांत शहाणपणाची वाटते. कापडी फलकाला चंद्रकोरी छेद देण्याची चाल आहे. त्याने फडफड थोडी घटते, दाब फारसा घटत नाही. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला जो अजस्र जाहिरातफलक वादळात कोसळून 17 माणसे दगावली त्याची आणि या लहान फलकाची तुलना होणार नाही, तरी वाऱ्याचा नियम दोघांना एकच आहे. फलक चालकाच्या बाजूच्या पुढच्या चाकाशी, किंचित तिरपा ठेवावा. नोंदणीचा क्रमांक आणि दिवे झाकले जाऊ नयेत, आणि महामार्गाच्या हद्दीत तर तो परवानगीवाचून मुळीच येऊ नये.

1 एप्रिल 2023 पासून वापरलेल्या वाहनांच्या व्यापाऱ्याला नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे केंद्रीय नियमांनी आवश्यक केले आहे, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची वर्दी दिली की विक्री होईपर्यंतची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येते. त्या अधिकारपत्राचा क्रमांक फलकाच्या तळाशी छापला तर गिऱ्हाईकाला पडताळणीचा एक धागा मिळतो.

दर वर्षी यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, नोव्हेंबरात, कराडला बाजार समितीचे कृषी प्रदर्शन भरते आणि त्यात ट्रॅक्टर-अवजारांची मोठी रांग लागते. प्रदर्शनाच्या चालकांनी वापरलेल्या वाहनांसाठी अशा फलकाचा एकच नमुना ठरवावा, त्याचे रकाने सक्तीचे करावेत, आणि छापील भाग कायम ठेवून किंमत व किलोमीटर यांचे आकडे पेंटरने ब्रशाने भरावेत किंवा खाचेत सरकवता यावेत अशी सोय ठेवावी. विक्रीच्या दिवशी त्याच मजकुराची प्रत व्यापाऱ्याने सही-तारखेनिशी गिऱ्हाईकाला द्यावी. ज्या रकान्याची माहिती व्यापाऱ्यालाच नसेल तो त्याने कोरा सोडू नये; तेथे ‘माहीत नाही’ असे, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, लिहावे.