घरचा संगणक, लेखांक ६ : इन्कॉग्निटो बंद करताना

इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी. ती मिटली की पाहिलेल्या पानांची यादी आणि कुकीज त्या संगणकावरून पुसल्या जातात. डाउनलोड केलेल्या फाइली मात्र तशाच राहतात, आणि संकेतस्थळाला व इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला भेट कळतेच. म्हणजे ही खिडकी फक्त घरच्यांपासून लपवते. किशोरवयीन मुलांच्या घरात ती बंद करण्याचा विचार होतो तो यामुळेच.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी साधे बटण नाही. विंडोजवर पहिले काम खाते वेगळे करण्याचे. मुलांना ‘स्टँडर्ड’ खाते द्यावे, ॲडमिनचा पासवर्ड पालकांकडे ठेवावा. बऱ्याच घरांत सगळे जण एकाच ॲडमिन खात्यावर काम करतात. तिथे पुढची सारी खटपट मुलगा पाच मिनिटांत उलटवू शकतो. त्यानंतर रजिस्ट्री एडिटर उघडावा. ‘लोकल मशीन’ विभागात सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात गूगल, त्यात क्रोम अशी वाट आहे. शेवटचे फोल्डर नसल्यास तयार करावे लागतात. तेथे ‘इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी’ या नावाची ३२ बिटची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवावी. नाव इंग्रजीत, मधे जागा न सोडता लिहायचे. ० म्हणजे सोय चालू, २ म्हणजे फक्त खाजगी खिडकीच उघडणार, म्हणून आकडा नीट तपासावा. क्रोम पुन्हा सुरू केल्यावर मेनूतला पर्याय वापरता येत नाही.

एज आणि फायरफॉक्सला स्वतंत्र नोंदी लागतात. क्रोमचा ‘गेस्ट’ मोडही वेगळा बंद करावा लागतो. तो राहिला तर आधीची मेहनत फुकट जाते. इतिहास पुसण्याची मुभाही वेगळीच काढावी लागते. मोबाइलवर गूगलच्या फॅमिली लिंकखाली असलेल्या मुलाच्या खात्याला क्रोममध्ये इन्कॉग्निटो मिळत नाही.

तंत्र इथे संपते, पण घरातला प्रश्न संपत नाही. नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने २०२४ च्या नोव्हेंबरात ग्रामसभेत दोन ठराव केले : आई-बहिणीवरून शिवी दिल्यास ५०० रुपये दंड, आणि संध्याकाळी ७ ते ९ या अभ्यासाच्या वेळेत मुलांच्या हाती मोबाइल नको. नियम सर्वांसमोर झाला, हे त्यातले मोलाचे. घरातही तसेच व्हावे. वयात येणाऱ्या मुलीला शरीराविषयी काही शोधायचे असेल, तर ती शोधयादी धाकट्या भावाला दिसू नये ही तिची इच्छा रास्त आहे. तिच्यासाठी वेगळे खाते आणि पासवर्ड असावा. पालकांनी यादी कधी आणि का पाहायची, तेही आधी ठरवून घ्यावे.

मुलांना अंधारात ठेवून ही नोंद करू नये. त्यांना शेजारी बसवून, काय बदलत आहे ते सांगूनच ती करावी.