कूलंट गोड लागते, पण ते विष आहे

जमिनीच्या गारव्यावर घर थंड ठेवण्याची एक पद्धत आहे. जमिनीत पाइप पुरून त्यातून पाणी फिरवतात. ते घरातली उष्णता जमिनीत नेऊन सोडते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळतात. महाराष्ट्रात जमिनीखालचे पाणी गोठत नाही, म्हणून इथे साधे पाणी पुरते.

अशी कामे आपल्या वस्तीतले प्लंबर आणि मजूर करतात, म्हणून आम्ही दोन नावे सांगतो. इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे. गाड्यांच्या कूलंटमध्येही बहुधा तेच असते. ते गोड लागते, म्हणून लहान मूल सहज पिते. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होते आणि मूत्रपिंड निकामी होते. पाइप गळला तर ते विहिरीतही उतरू शकते. काही मिसळायचेच असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल त्याहून बरेच सुरक्षित. रंगावर जाऊ नका, लेबल वाचा. उरलेले कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका.

कुणी प्यायलेच, तर आधी दारू प्यायल्यासारखी झिंग येते, उलट्या होतात. मग धाप लागते, लघवी कमी होते. झिंग उतरली म्हणून घरी थांबू नका. मुद्दाम उलटी करवू नका. डबा सोबत घ्या आणि डायलिसिसची सोय असलेले मोठे सरकारी रुग्णालय लगेच गाठा. उपचार लवकर मिळाले तर जीव वाचतो, मूत्रपिंडही वाचू शकते.