शेपूट उजवीकडे की डावीकडे?

दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, चार वेदांची खूण म्हणून. मुंबईत वाकोल्याच्या दत्त मंदिर रोडवर सकाळी साडेसहाला मोजा, चाराहून बरीच भरतील. वेदांचं माहीत नाही, पण बाकी सगळं त्यांना येतं.

माझ्या घरी कुत्रा नाही. शेजारच्या काकूंचे गुडघे धरलेत, म्हणून त्यांचा ‘बिस्किट’ रोज माझ्या हाती येतो. पहिला आठवडा मी नुसता पट्टा ओढत होते. स्वारी दर चार पावलांवर खांबाला नाक लावून उभी! मग कळलं, आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत. त्यात आणखी एक सोय. नाकपुडीच्या कडेला चीर असते, सोडलेला श्वास तिथून बाजूला जातो आणि समोरचा वास जागच्या जागी राहतो. वाकून बघा, बिस्किट हुंगतो तेव्हा धूळ समोर नाही, दोन्ही बाजूंना उडते.

रिक्षाचं टायर म्हणजे तर पर्वणीच. रात्री कुर्ल्यात उभी असलेली रिक्षा सकाळी वाकोला ब्रिजखाली येते ती तिकडच्या चार कुत्र्यांच्या सह्या घेऊनच. त्यावर आपली सही नको का? तंगडी किती वर करायची यातही राजकारण आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात दिसलं की लहान चणीचे कुत्रे तंगडी जास्त उंच करतात. खूण वर लागली की वाचणाऱ्याला वाटावं, कोणी दांडगा येऊन गेला.

आता त्या बाटल्या. गेटापाशी, दुकानाच्या पायरीवर लाल पाण्याच्या, नाहीतर निळीच्या बाटल्या ठेवतात, कुत्रा फिरकू नये म्हणून. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल मात्र मळकट, तपकिरी. म्हणजे लाल बाटली त्याच्या लेखी जवळजवळ चहाचीच. निळी दिसते, पण घाबरायचं कशाला? आमच्या कोपऱ्यावरच्या निळ्या बाटलीवर बिस्किट नेमाने तंगडी वर करतो.

मार्केटच्या वळणावर चिकनच्या दुकानाबाहेर एक तांबूस गावठी बसतो. मी त्याला मॅनेजर म्हणते. कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. नियमानुसार नसबंदीनंतर कुत्र्याला जिथून उचललं तिथेच आणून सोडतात, त्यामुळे मॅनेजरची हद्द शाबूत. दुकानदाराने शटर वर केलं की मॅनेजरचं शेपूट जास्त करून त्याच्या उजवीकडे झुलतं. बिस्किट दिसला की ताठ आणि डावीकडे. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये हेच मोजलं होतं: मालक दिसला की उजवीकडे, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. तेव्हा ‘शेपूट हलवतोय, म्हणजे प्रेमळ आहे’ म्हणत हात पुढे करू नका. मॅनेजरसमोर बिस्किट जांभई देतो, ती झोपेची नाही, टेन्शनची. वळण मागे पडलं की भिजल्यासारखं अंग झाडतो. सुटलो बुवा!

डोक्यावरून विमान गेलं तर यांचा कान हलत नाही. पार्ले-जीचा पुडा फाडा, अख्खी गल्ली जागी. विमानतळाशी यांचं नातं मात्र आहे. जुलै २०२३ मध्ये टर्मिनल १ बाहेरच्या २० कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडची ओळखपत्रं आली. स्कॅन केलं की नाव आणि लसीकरणाची नोंद हजर.

शेवटी शी. हो, तीसुद्धा मोजलीय. चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांनी दोन वर्षं ७० कुत्र्यांमागे फिरून १,८९३ वेळा नोंदी केल्या. निष्कर्ष असा की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल, तर कुत्रे उत्तर-दक्षिण रेषेत बसतात. २०१४ साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. मीही मोबाइलवर होकायंत्र लावून पाहिलं. बिस्किटचं तोंड बहुतेक वेळा नाल्याकडे. पण अभ्यासातले कुत्रे मोकळे होते, आमचा पट्ट्यात, म्हणून आमच्या नोंदी बाद.

दिशा कुठलीही असो, खिशात पिशवी ठेवा आणि उचला. महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत न उचलण्याला ५०० रुपये दंड लिहिलाय, आणि तो कुत्र्याला नाही, पट्टा धरणाऱ्याला.